पहिली खुंटी

१

"ही माझ्या सासऱ्याची खुर्ची न्हाई."

राहीबाई एवढंच बोलल्या आणि राधाकृष्ण साहेबांच्या त्या लांबलचक हॉलमध्ये नुसते पंखे फिरत राहिले.

"आजी, नीट बघ," त्यांची नात निकिता म्हणाली. "तशीच आहे की."

"तशीच हाय. तीच न्हाई. मामंजी उजव्या हाताच्या दांड्याखाली अडकित्ता टेकवून सुपारी कातरायचे. तितं खळगा पडल्याला. माझ्या बोटाचं पेर बसायचं त्यात. पन्नास वर्सं फडकं मारलंय मी त्या खुर्चीवर, मला शिकवू नगंस."

"पॉलिश करताना खळगा भरला असेल हो," साहेब हसत म्हणाले. सुप्याचा कारखाना मुलाच्या हाती देऊन साहेबांनी म्हातारपणी हा नाद लावून घेतला होता: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या, हातांच्या खुर्च्या. पुण्याचे जुने बंगले, बंद पडलेले क्लब, मिशनची घरं पालथी घालून तीस-पस्तीस जमवल्या होत्या आणि एकेकीची कुंडली त्यांना तोंडपाठ होती. राहीबाईंची खुर्ची त्यातली पट्टराणी. व्हिएन्नाची, एकोणीसशे पाच-सहाच्या सुमाराची, पाठ आणि दोन्ही हात मिळून वाफेवर वाकवलेला एकच दांडा. दोन वर्षांपूर्वी साहेब सुप्याजवळ राहीबाईंच्या घरी गेले होते. "नीट करून घेतो, दोन वर्षं माझ्या हॉलमध्ये शोभेला राहू द्या, मग परत," म्हणाले आणि कागदावर तशी सहीही करून दिली. आज मुदत संपली होती, म्हणून ही सगळी मंडळी नगरला साहेबांच्या बंगल्यावर जमली होती.

"भरला असेल की नसेल, उलटी करून बघूया ना," निकिता म्हणाली. ती सुप्यातच एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होती. असेल-नसेल हे शब्द तिला चालत नसत.

"योगेश, कर उलटी," साहेबांनी आपल्या सुताराला सांगितलं.

खुर्ची फरशीवर उलटी झाल्याचा आवाज आला. मग साहेबांचा श्वास जोरात आत गेलेला ऐकू आला.

"अरे! हे लाकूड आतून कोरं आहे. ही नक्कल आहे!" आणि लगेच त्यांचा आवाज दाराकडे वळला. "मास्तर, जरा पुढे या."

दाराजवळ बायकोच्या, चांगुणाच्या, खांद्यावर हात ठेवून रंगनाथ मास्तर उभे होते. चौथ्या वर्षी गोवरात डोळे गेले, अंधशाळेत वेत हातात आला आणि तो पुढे सुटला नाही. अडतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीतल्या खुर्च्या विणल्या. किती अधिकारी आले नि गेले, ते सगळे मास्तरांच्या विणीवर बसून गेले. ही खुर्चीही गेल्याच महिन्यात त्यांनीच विणून दिली होती. सोपवताना विणकर हजर हवा, असं साहेबांनी मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं. मास्तरांना वाटलं होतं, कौतुक होईल.

ते गुडघ्यावर बसले. उलट्या खुर्चीच्या जाळीखालून बोटं फिरली. गाठी डाव्या पिळाच्या, त्यांच्याच. मनगट हाताच्या दांड्याच्या बुडख्याला टेकलं, गार पॉलिश लागलं, आणि त्याच वेळी बोटाला ती सापडली: बाभळीची बारीक खुंटी, मोहरीच्या दाण्याएवढी वर आलेली.

"विणकाम कुणाचं आहे, मास्तर?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायची सोय होती. पण खोटं बोलायला तोंड लागतं, आणि मास्तरांचं सगळं बोलणं हातात होतं.

"माझं," ते म्हणाले.

२

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "तुमच्याकडे खुर्ची आली ती अस्सल. मी स्वतः बघून दिली. नऊ दिवस तुमच्याकडे होती. परत आली ती ही नक्कल, आणि विणकाम तुमचं. परत आल्यावर मी निरखून बघितली नाही, ही माझी चूक. आंधळ्या माणसावर संशय कोण घेतो?"

मास्तर फरशीवरून उठले. बसायला म्हणून त्यांनी बाजूला हात टाकला, तो जाड मखमली गादीवर पडला. ते टेकणार इतक्यात साहेब ओरडले, "तिथे नको! ती खुर्ची सोडून कुठेही बसा!"

चांगुणानं त्यांना सावरलं.

"बाहेर ह्या खुर्चीला किती लाख येतात, ते तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार," साहेब पुढे म्हणाले. "गुरुवारी सकाळी अकरापर्यंत अस्सल खुर्ची इथे आली पाहिजे. नाही आली तर मी पोलिसांत जाणार. तुमचं नाव आणि तुमच्या त्या चेल्याचं, छगनचं."

आज मंगळवार होता.

फाटकाबाहेर राहीबाईंनी मास्तरांना गाठलं. त्यांचा हात हातात घेतला. तो हात कष्टाचा होता, मास्तरांना लगेच कळलं.

"जय भीम, मास्तर. तुमी घेतली आसंल आसं माझं मन म्हनत न्हाई. पर ती खुर्ची मला पायजे. माझं मामंजी मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर हुते, लोकांच्या जखमा धुयाचे. गोरा डाक्तर मायदेशी निघाला तवा ही खुर्ची त्यांना देऊन गेला. बैलगाडीत घालून आनली. गाव म्हनलं, घरात ठिवा, दारात मांडून बसायचं न्हाई. छप्पन साली बाबासायेबांनी धम्म दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजींनी ती खुर्ची दारात मांडली न् बसले. त्या दिवसापास्नं मरंपर्यंत रोज बसले." त्यांची पकड घट्ट झाली. "मी अजून बसले न्हाई तिच्यावर. वाटायचं, नात शिकून मोठी हुईल तवा बसू. ती झाली. तवर ह्ये सायेब आले."

मास्तरांनी तो हात दोन्ही हातांत दाबला. मग ते निघाले. रिक्षात चांगुणा बराच वेळ गप्प होती, आणि चांगुणा गप्प बसली की समजावं, प्रकरण गळ्याशी आलंय.

"तुमी 'माझं' म्हनलात कशाला?" शेवटी ती म्हणाली.

"माझंच होतं म्हणून."

"राजा हरिश्चंद्र!" चांगुणा फणकारली. "त्याचीबी बायकू बाजारात उभी राहिली हुती."

३

माळीवाड्यातलं मास्तरांचं विणकाम केंद्र म्हणजे एक लांब खोली, पाण्यात भिजत घातलेल्या वेताचा वास आणि पाच आंधळे विणकर. शहरातले वकील, डॉक्टर, शाळा, सगळे आपल्या खुर्च्या बिनदिक्कत इथे आणून टाकत. पावती नाही, कुलूप नाही. मास्तरांच्या हातावर भरवसा, एवढंच भांडवल. ते गेलं की पाची जणांनी कुठं जायचं, हा प्रश्न त्या दिवशी खोलीत सगळ्यांच्याच तोंडावर होता. विचारत कुणीच नव्हतं.

मास्तरांनी सगळं पहिल्यापासून आठवायला घेतलं. त्या खुर्चीची बैठक म्हणजे लाकडाचं एक गोल कडं. ते चौकटीत बसवलेलं, खालून चार स्क्रूंनी आवळलेलं. एरवी असं कडं काढून मांडीवर घेऊन विणतात. पण साहेबांनी बजावलं होतं, "शंभर वर्षांचे स्क्रू आहेत, हात लावायचा नाही. खुर्चीतल्या खुर्चीत विणा." म्हणून मास्तर खुर्चीसमोर पाट घेऊन बसले आणि तशीच विणली.

सुरुवात नेहमीसारखी. अंधशाळेतले गुरुजी पहिल्या दिवशी पोरांच्या बोटांवर पट्टी मारून शिकवायचे, "पहिली खुंटी पोटाशी!" डोळस माणूस काम टाकून चहाला गेला तरी परत आल्यावर बघून सुरुवात शोधतो. आंधळ्यानं काय करावं? म्हणून पहिली खुंटी आपल्या पोटासमोरच्या भोकात, म्हणजे खुर्चीच्या पुढच्या बाजूला अगदी मधोमध ठोकायची आणि काम संपलं तरी ती काढायची नाही. कड्याच्या खालच्या अंगाला ती जन्मभर राहते. दिसत कुणालाच नाही. खुर्ची धन्याला सोपवताना मास्तर पुढून खाली हात घालून त्या खुंटीवर अंगठा टेकवत आणि म्हणत, "खुंटी जागेवर, खुर्ची धन्याची." ही खुर्चीसुद्धा त्यांनी साहेबांच्या हॉलमध्ये असाच अंगठा टेकवून सोपवली होती. तेव्हा योगेश सुतार हसला होता, "मास्तर, हा कसला नवस?"

"छगन," मास्तरांनी हाक मारली. छगन त्यांचा सगळ्यात तरबेज चेला. बारा वर्षं हाताखाली. "त्या नऊ दिवसांत खुर्ची कधी एकटी होती का रे?"

"न्हाई, मास्तर."

फार लवकर आलं ते उत्तर. छगन एरवी चहा घेणार का विचारलं तरी दोनदा खाकरायचा.

"शनिवारी बाकीच्यांना सुट्टी होती, मी आणि चांगुणा डॉक्टरकडे गेलो होतो. तू होतास?"

"हुतो."

चांगुणा मध्येच म्हणाली, "शेजारचा इस्त्रीवाला म्हनतो, शनिवारी दुपारी दार उघडं हुतं न् आत चिटपाखरू नव्हतं."

छगनच्या हातातला वेत खाली पडला. तो पडल्याचा आवाज मास्तरांच्या काळजाला लागला. बारा वर्षांत हा मुलगा त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

४

"कुठं गेला होतास?"

"स्टँडवर."

"कशाला?"

छगननं दोनदा खाकरलं. "पोरगी बघायला. राहुरीची हाय. तिलाबी दिसत न्हाई. बघायला म्हंजी... ऐकायला गेल्तो."

चांगुणाला हसू फुटलं, पण तिनं ते पदरात दाबलं. हसायची वेळ नव्हती. दार तासभर उघडं होतं. तासाभरात कुणीही टेम्पो लावून खुर्ची बदलून नेऊ शकत होतं. आणि ज्याला पोलिसांत नाव द्यायचंच आहे, तो म्हणणार, उघडं ठेवणारा हाच, नेणाराही हाच.

"मास्तर, मी घेतली आसं सांगतो," छगन म्हणाला. "तुमचं नाव राहील."

"गप बस. न केलेली चोरी कबूल करायची म्हणजेही खोटंच बोलायचं. एकदा बोललास तेवढं पुरे झालं."

बुधवारी सकाळी मास्तर चांगुणाला घेऊन केडगावला योगेशच्या दुकानी गेले. साहेबांच्या सगळ्या खुर्च्यांची डागडुजी योगेश करायचा. दुकानात लाखेच्या पॉलिशचा नि स्पिरिटचा वास भरला होता. आत पाऊल टाकताच मास्तरांच्या चपलेखाली काहीतरी कडकन मोडलं.

"काय गं हे?"

"पट्ट्या हायेत, गोल वाकवल्याल्या," चांगुणा म्हणाली. "सहा-सात पडल्यात. समद्या फुटल्याल्या."

मास्तर वाकले. एक पट्टी उचलून चाचपली. वळणावर तंतू उभे फाटले होते. दुसरीही तशीच.

"ते होय? चुलीला जळण," योगेश घाईनं म्हणाला आणि पायानंच पट्ट्या बाजूला सारल्या.

"योगेशभाऊ, कसलं कडं वाकवत होतात?"

"मास्तर, पाच वर्षं मी साहेबांचं काम करतोय. दुसरं गिऱ्हाईक नाही मला."

"मी तुमचं गिऱ्हाईक नाही विचारलं."

योगेशनं रंधा उचलला, दोन हात मारले, पुन्हा ठेवला. एका जागी त्याचा जीव नव्हता.

"चहा घ्या," तो म्हणाला.

"नको. उद्या अकराला याल ना साहेबांकडे?"

"यावंच लागेल. बोलावलंय." मास्तर उंबऱ्यावर पोचले तेव्हा त्यानं आवाज खाली आणला. "मास्तर, एक सांगतो. उद्या तिथं मला काही विचारू नका. विचारलंत तर मी खोटं बोलेन."

"नाही विचारणार," मास्तर म्हणाले.

५

दुपार झाली. मास्तर जेवले नाहीत. चांगुणानं भाकरी पुढे सारली, त्यांनी मागे सारली, असं दोनदा झाल्यावर तिनं ताट उचललं.

कोडं साधं होतं आणि सुटत नव्हतं. जाळी आपली आहे. ती आपण अस्सल खुर्चीत विणली. मग ती नकली खुर्चीत कशी? एक तर आपण विणली तीच खुर्ची नकली होती आणि आपल्या हातांना कळलं नाही. हा विचार आला आणि मास्तर गारठले. पोलीस परवडले. पण हात म्हातारे झाले असतील तर?

"छगन, एक खुर्ची दे इकडं. कुठलीही. उलटी करून."

छगननं शाळेची एक विणून झालेली खुर्ची समोर उलटी टाकली. मास्तरांनी काल केलं तसंच केलं. जाळीखालून बोटं फिरवली, गाठी मोजल्या, खुंटी शोधली. सापडली, पुढे मधोमध, जिथे असायची तिथे. बोट खुंटीवर ठेवून ते तसेच बसून राहिले.

काहीतरी चुकत होतं. काल असं नव्हतं. काल खुंटी सापडली तेव्हा मनगट कशालातरी टेकलं होतं. गार, गुळगुळीत. आज मनगटाखाली नुसती हवा.

"चांगुणे," ते हळूच म्हणाले, "साहेबांच्या त्या खुर्चीचे हात पुढे कुठवर येतात?"

"पुढं कुटं? दोनी बाजूंनीच खाली उतरून चौकटीला मिळतात. पुढं मोकळंच हाय."

मास्तर उठले. पाट लाथेनं उडाला तरी त्यांना पत्ता नव्हता.

"छगन, तू चोर नाहीस रे!"

"मी न्हाईच, मास्तर."

"तसं नव्हे. ही चोरी तुला जमलीच नसती. तुलाच काय, या खोलीतल्या कुणालाच जमली नसती!" आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ते मोकळे हसले. "चांगुणे, भाकरी आण. आणि निकिताला फोन लाव. म्हणावं, उद्या येताना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ये."

६

गुरुवारी अकराला सगळे हॉलमध्ये जमले. साहेबांनी घड्याळ बघितलं असावं, कारण ते म्हणाले, "वेळ संपली, मास्तर. खुर्ची?"

"इथंच आहे, साहेब. आधी मला एक सांगा. मी विणलेल्या किती खुर्च्या आहेत या हॉलमध्ये?"

"चौदा. त्याचं काय?"

"निकिताताई, त्या चौदाही खुर्च्यांच्या पुढच्या कडेखाली मधोमध बोट घाला. बारीक खुंटी लागेल."

निकिताच्या चपला हॉलभर फिरल्या. एकेक खुर्चीपाशी थांबल्या, पुढे गेल्या.  योगेशचा श्वास मास्तरांना डाव्या बाजूला ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा.

"चौदाच्या चौदा," ती म्हणाली. "सगळ्या पुढे. एक केसभर इकडे-तिकडे नाही."

"आता या नकली खुर्चीची बघा."

"पुढे नाही," थोड्या वेळानं ती म्हणाली. "इथे, उजव्या हाताखाली आहे. बरोबर पाव फेरा सरकलेली."

"मग?" साहेब म्हणाले. "आंधळ्याची खुंटी चुकली. चुकते कधीतरी."

"चुकली असती, साहेब, तर सोपवताना कळलं असतं. इथं, या फरशीवर मी पुढून हात घालून खुंटीवर अंगठा टेकवला, तुम्ही समोर होता. योगेशभाऊ हसले होते. त्या वेळी खुंटी पुढेच होती. म्हणजे तोवर जाळी मी विणली त्याच खुर्चीत होती. त्यानंतर ह्याच घरात कुणीतरी चार स्क्रू सोडवले, माझ्या जाळीचं कडं काढलं आणि नकली चौकटीत बसवलं. कडं गोल. स्क्रू चार, सारख्या अंतरावर. कसंही फिरवा, चपखल बसतं. डोळ्यांना चारही बाजू सारख्याच. म्हणून बसवणाऱ्यानं फिरलेलं बसवलं. हे काम माझ्या छगनचं असतं तर त्यानं खुंटी पोटाशी घेतली असती. चोरी करतानाही घेतली असती. त्याशिवाय आमचा हातच चालत नाही. हे डोळस माणसाचं काम आहे."

"योगेश!" साहेब कडाडले. "तू केलंस हे?"

मास्तर मध्ये पडले. "योगेशभाऊंना मी काही विचारणार नाही. तसं मी त्यांना कबूल केलंय. मीच सांगतो. नकली चौकट त्यांनी केली, पण गोल कडं त्यांना वाकवता आलं नाही. सहा-सातदा फुटलं. ते तुकडे माझ्या पायाखाली आले. कडं नसेल तर नक्कल अपुरी. अस्सलचं कडं घातलं की दोन कामं झाली. खुर्ची पुरी झाली, आणि उद्या राहीबाईंनी ओळखलीच तर जाळी माझ्याकडे बोट दाखवणार. मला इथं मुद्दाम बोलावलं ते त्यासाठीच. माझ्याच तोंडून वदवायला."

"मी खोटं बोलणार होतो," योगेश एकदम म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "नाही बोलत. नक्कल साहेबांनीच करून घेतली. शिर्डीच्या हॉटेलात ठेवायची आहे म्हणाले. तुमच्यावर घालणार हे मला मंगळवारपर्यंत ठाऊक नव्हतं, मास्तर. आईशप्पथ नव्हतं."

"सुताराच्या नि आंधळ्याच्या गप्पा!" साहेब म्हणाले, पण आवाजात पहिला दम नव्हता. "अस्सल कुठे आहे मग? दाखवा ना!"

"दाखवतो. बिनबैठकीची खुर्ची लपवायची तर कुठं? कुणी काही हलवलं नसेल तर ती अजून तिथंच आहे." मास्तर मंगळवारी उभे होते तिथे जाऊन उभे राहिले आणि बाजूला हात टाकला. हात मखमलीवर पडला. "साहेब, गेली पाच वर्षं तुमच्या तोंडून ऐकतोय, जुन्या खुर्चीवर नवं कापड घालणाऱ्याला फटके दिले पाहिजेत. मग पाठ नि हातसुद्धा झाकणारी ही एवढी जाड गादी कशाला? आणि परवा मी टेकणार तर ओरडलात का? मी आत पडलो असतो म्हणून?"

साहेब पुढे झाले, पण निकिता त्यांच्या आधी पोचली. गादी फरशीवर आदळली.

"खाली भोक आहे," ती म्हणाली. "मोकळी चौकट."

"बाजूला व्हय," राहीबाई म्हणाल्या. त्यांची पावलं जवळ आली. लाकडावरून हात फिरल्याचा आवाज, अगदी हलका, मग थांबलेला. उजव्या दांड्याखाली. 

"पेर बसलं," शेवटी त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

साहेब कुठंतरी खाली बसले. हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीचं जन्मगाव त्यांना माहीत होतं, वय माहीत होतं, वंश माहीत होता. विणणाऱ्याचा हात कसा चालतो, एवढं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "निकिता, बाळ," ते म्हणाले, "हे आपल्यातच मिटवूया. मी हिची किंमत..."

"तुम्ही अकरा वाजता पोलिसांत जाणार होता ना?" निकिता म्हणाली. "चला, आपण बरोबरच जाऊ. पण आधी आमची खुर्ची नीट होऊ द्या. मास्तर, हा स्क्रू-ड्रायव्हर."

मास्तर फरशीवर बसले. शंभर वर्षांचे म्हणवणारे चारही स्क्रू लोण्यातून निघावेत तसे निघाले. कडं मोकळं झालं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, फिरवलं, खुंटी पोटाशी आणली आणि अस्सल खुर्चीच्या चौकटीत बसवलं. एकेक स्क्रू आवळताना त्यांच्या कानाशी छगनचा श्वास होता. तो शेजारी येऊन बसला होता.

"अंगठा तू टेकव," मास्तर म्हणाले.

"मी?"

"तुझंही नाव घेतलं होतं त्यांनी. टेकव."

छगननं दोनदा खाकरलं. पुढून हात खाली घातला. "खुंटी जागेवर," तो म्हणाला, "खुर्ची धन्याची."

"धनी हितं हाय," राहीबाई म्हणाल्या. "निके, दारात मांड ती."

"आजी, घरी गेल्यावर..."

"हितं. ह्येंच्या दारात."

निकितानं खुर्ची उचलली आणि बंगल्याच्या दारात, फाटकाकडे तोंड करून मांडली. मास्तर उठून मागोमाग गेले. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, कुणीतरी भाजी ओरडत होतं. लुगड्याची सळसळ झाली, आणि मग तो आवाज आला, जो ऐकायला मास्तर जन्मभर खुर्च्या विणत आले होते: नव्या वेतानं पहिल्यांदा माणसाचा भार घेताना केलेली बारीक करकर.

राहीबाई बसल्या होत्या.